‘हिगुराशी’ची सुरुवात वाचताना: एसटी स्टँडच्या गोष्टीसाठी काही नोंदी

७ जून २०२५, शनिवार

आम्ही तिघं मिळून एसटी स्टँडवरची एक व्हिज्युअल नॉव्हेल करतोय, म्हणजे पडद्यावर चित्रं आणि आवाजांसोबत क्लिक करत वाचायची गोष्ट. तिचा मधला भाग बऱ्यापैकी उभा राहिलाय, शेवटही ठरलाय. सुरुवात मात्र जागची हलत नाही. ज्यांना ज्यांना वाचायला दिली त्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच: पुढे रंगते, पण आधी नुसतं क्लिक करत बसावं लागतं. चित्रकार म्हणते, पहिला प्रसंगच उडव. मी म्हणतो, तो उडवला तर शेवटाला काही अर्थच उरत नाही. वाद घालून हे सुटणार नाही. म्हणून असं ठरवलं की जिची सुरुवात संथ म्हणून बदनाम आहे आणि तरीही वाचणारे जिच्यावर जीव टाकतात, अशी एक व्हिज्युअल नॉव्हेल घ्यायची, फक्त सुरुवात वाचायची आणि वाचता वाचता इथे नोंदी ठेवायच्या.

निवडली ती ‘हिगुराशी नो नाकू कोरो नी’. तिचा पहिला भाग ‘ओनिकाकुशी’. र्युकिशी०७ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने आणि त्याच्या ‘सेव्हन्थ एक्स्पान्शन’ या छोट्या हौशी गटाने तो ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या कॉमिकेटमध्ये, म्हणजे हौशी मंडळींनी स्वतः केलेल्या पुस्तकांच्या आणि गेमच्या प्रचंड बाजारात, विकायला ठेवला. पुढचे भाग याच बाजाराच्या उन्हाळी-हिवाळी फेऱ्यांना येत राहिले आणि आठवा भाग ऑगस्ट २००६ मध्ये आला. मी वाचतोय ती स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावरची, मांगागेमर या प्रकाशकाची २०१५ ची इंग्रजी आवृत्ती.

निवडण्याचं आणखी एक कारण. यात वाचणाऱ्याला पर्याय निवडायला मिळतच नाहीत. ‘दार उघडायचं की नाही’ वगैरे काही नाही, एक सरळ रेषा. आमच्याही गोष्टीत पर्याय नाहीत, आणि त्यावरून ‘मग हा गेम कसला?’ हे ऐकून कान किटलेत.

८ जून, रविवार

काळा पडदा. एक छोटीशी कविता. त्यानंतर एक अस्वस्थ करणारा तुकडा, ज्यात कुणीतरी माफी मागतंय. कोण, कशाबद्दल, कुणाची, काही कळत नाही. आणि तेवढ्यात आपण थेट उजेडात येतो: १९८३ चा जून महिना, हिनामिझावा नावाचं डोंगरातलं खेडं, सकाळची वेळ, आणि शहरातून नुकताच राहायला आलेला केइची माएबारा नावाचा मुलगा शाळेत निघालाय.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती चित्रं, आणि ती चांगली आहेत म्हणून नव्हे. मूळ पात्रचित्रं लेखकाने स्वतः काढलेली आहेत. हात म्हणजे फुगवलेले मोजे, चेहरे बटाट्यासारखे. मागची दृश्यं म्हणजे खऱ्या जागांचे फोटो, वरून गाळणी मारून थोडे चित्रासारखे केलेले. या आवृत्तीत नवी, गुळगुळीत पात्रचित्रंही आहेत आणि हवी ती निवडता येतात. मी थोडा वेळ नवी लावली, मग जुन्यांवर आलो. नवी सुबक आहेत, पण सगळे चेहरे ओळखीच्या साच्यातले वाटतात. जुन्यांत एक विचित्र गोष्ट घडते: फोटोतलं गाव खरं आणि त्यात उभी माणसं कच्ची, त्यामुळे माणसांचा भरवसा वाटत नाही. लेखकाने हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. पैसा आणि हात जेवढे होते तेवढ्यात भागवलंय. परिणाम मात्र होतो.

दुसरी गोष्ट मजकुराची मांडणी. बहुतेक व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये खाली दोन-तीन ओळींची पेटी असते. इथे मजकूर अख्ख्या पडद्यावर चढत जातो, चित्र त्याच्या मागे झाकोळतं, आणि पान भरलं की पुसून नवं सुरू होतं. जपानीत अशा कामांना ‘साउंड नॉव्हेल’ म्हणायची रीत चुनसॉफ्ट या कंपनीच्या १९९० च्या दशकातल्या गेमपासून पडली. आम्ही ज्यात गोष्ट बनवतोय त्या रेनपाय या सॉफ्टवेअरमध्ये अशा पूर्ण पानाच्या मांडणीला एनव्हीएल मोड म्हणतात. आम्ही पेटीवाला मोड घेतलाय. त्यावर पुन्हा विचार करायला हवा, कारण पूर्ण पानावर आधीची वाक्यं डोळ्यांसमोर राहतात. पात्र काहीतरी खोटं बोललं तर त्याचं दहा ओळींपूर्वीचं वाक्य अजून वर दिसत असतं.

मूळ गेममध्ये पात्रांना आवाज नाहीत. किडे आहेत. नावातली हिगुराशी म्हणजे संध्याकाळी किरकिरणारी एक जातीची सिकाडा, आणि ती खरोखरच किरकिरत असते.

१० जून, मंगळवार

आज वाचन नाही, एनव्हीएल मोडची चाचणी. रेनपायच्या मूळ फॉन्टात देवनागरी नाही, सगळीकडे चौकोन दिसतात, हे आता कुणाला नवीन नाही. जुन्या आवृत्त्यांत फॉन्ट बदलला तरी जोडाक्षरं फुटायची आणि वेलांटी भलत्या जागी बसायची. आता हार्फबझ, म्हणजे अक्षरं नीट जोडून मांडणारी प्रणाली, आल्यापासून ते दुखणं गेलंय. माझी नेहमीची चाचणीची ओळ: ‘दुसऱ्या फलाटावरल्या शेवटच्या गाडीतून उतरणाऱ्यांनी कृपया ॲडव्हान्स बुकिंगच्या खिडकीशी शिस्तीत उभे राहावे.’ ऱ्य नीट आला, ल आणि श मराठी वळणाचे आले, ॲ तुटला नाही, की फॉन्ट पास. मुक्ता ठीक चालतो, पण पूर्ण पानाच्या मजकुराला तो फार कार्यालयीन दिसतो. तिरो देवनागरी मराठी लावून पाहिला. पडद्यावर एकदम पुस्तकाचं पान. चित्रकार खूश.

टाइपरायटरसारखा अक्षरागणिक उमटणारा मजकूर बंद केला. लॅटिन लिपीत ते शोभतं. देवनागरीत शब्द अर्धवट असताना डोळा अडखळतो. त्याऐवजी वाक्याच्या मध्ये जिथे बोलणारा श्वास घेईल तिथे थांबा टाकतोय. काम वाढतं, पण संवाद लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणून बघावी लागते, आणि त्यात बरीच पुस्तकी वाक्यं गळून पडतात.

१३ जून, शुक्रवार

शाळा. एकच वर्ग, सगळ्या वयांची मुलं एकत्र, आणि इमारतही शाळेसाठी बांधलेली नाही, वनखात्याच्या कार्यालयाची जागा वापरतात. रेना आणि मिओन या वरच्या वयाच्या मुली, सातोको आणि रिका या धाकट्या. सातोको वर्गाच्या दारात सापळे लावून ठेवते आणि केइची रोज त्यात पाय टाकतो. दुपारी बाकं जोडून सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालतात. डब्यांवर पानंच्या पानं आहेत.

इथे बरेच लोक सोडून देतात, आणि का ते कळतं. भीतीची गोष्ट म्हणून घेतलेली असते आणि तासन्‌तास चाललेली असते ती मस्करी. काही विनोद चार क्लिकमध्ये संपायला हवे होते ते चाळीस क्लिक चालतात. संपादकाच्या हातात गेलं असतं तर यातलं बरंच कापलं गेलं असतं, असं वाचताना सारखं वाटत राहतं.

पण लेखकाने हे कुठून उचललं ते माहीत असलं की नजर बदलते. त्याने ‘की’ या कंपनीचे गेम अभ्यासासाठी खेळून त्यांची मोडतोड करून पाहिली होती. ‘की’ची कामं वाचणाऱ्याला रडवण्यासाठी प्रसिद्ध. त्याला त्यात आढळलं ते असं: आधी भरपूर साधे, सुखाचे दिवस दाखवायचे, वाचणाऱ्याला त्या माणसांची सवय लावायची, आणि मग एकदम घाव घालायचा. र्युकिशी०७ ने सांगाडा तोच ठेवला आणि घावाची जात बदलली. रडवण्याऐवजी घाबरवणं.

म्हणजे डब्यांची ती पानं कामाला लावलेली आहेत. प्रश्न एवढाच की कामाला किती पानं लागतात. माझ्या मते याच्या निम्म्यात भागलं असतं. आवाजाचं काम बघणारा मित्र म्हणतो, अजिबात नाही, कंटाळा आल्याशिवाय सवय लागत नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, पण मराठी वाचकाकडून एवढा संयम मागायला आमच्या नावामागे काही पुण्याई नाही.

१४ जून, शनिवार

ज्या प्रसंगासाठी हा सगळा खटाटोप, तो आज सापडला.

गावाबाहेर कचऱ्याचा मोठा ढीग आहे. लोक जुन्या वस्तू आणून टाकतात. रेनाला ‘गोंडस’ वाटणाऱ्या वस्तू घरी नेण्याचं वेड, आणि तिला ढिगात एका तळलेल्या कोंबडीच्या दुकानाबाहेरचा म्हातारबाबाचा पुतळा दिसलाय. ती खाली उतरून उकरतेय. केइची वर बसून वाट बघतोय. कॅमेऱ्याचा शटर वाजतो. मागे एक अनोळखी माणूस उभा आहे, तोमिताके नावाचा, हौशी छायाचित्रकार. मोकळा, हसरा गडी. तो विचारतो की ती मुलगी काय शोधतेय. केइची सहज थट्टेत म्हणून जातो की पूर्वी कधीतरी पुरलेल्या प्रेताचे तुकडे शोधत असेल. आणि तोमिताके न हसता म्हणतो की वाईट झालं ते प्रकरण, एक हात अजून सापडलेला नाही ना.

बस. संगीताचा धक्का नाही, पडदा लाल होत नाही. केइचीला काही समजत नाही, वाचणाऱ्यालाही नाही, आणि तोमिताके समजून चालतो की गावात राहणाऱ्याला हे माहीत असणारच. माहिती कळते ती अशी चुकून, कारण सांगणाऱ्याला वाटतं की आपण नवीन काही सांगत नाही आहोत.

आता खरी कारागिरी. परतताना केइची रेनाला विचारतो की इथे पूर्वी धरणाचं काम चाललं होतं तेव्हा काही झालं होतं का. आतापर्यंत प्रत्येक प्रश्नाला चार वाक्यं बोलणारी, लाडिक, अघळपघळ रेना एका शब्दात उत्तर देते. माहीत नाही. केइची नंतर मिओनलाही विचारतो. तीही तसंच तोडून टाकते.

मी हे पान पुन्हा पुन्हा मागे नेऊन वाचलं. भीती कुठून येते ते इथे उघड दिसतं. रक्तातून येत नाही, त्या हाताच्या उल्लेखातूनही फारशी येत नाही. ती येते उत्तराच्या लांबीतून. आणि ती लांबी जाणवण्यासाठी आधी रेनाची लांबलचक बडबड आपल्या कानात बसलेली असावी लागते. डब्यांच्या पानांचा हिशेब इथे लागला.

मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “बघ, सांगितलं होतं.” मी म्हटलं, “अरे, निम्म्यात भागलं असतं हे माझं अजून कायम आहे.”

१७ जून, मंगळवार

चित्रकारानेही वाचायला घेतलंय आणि ती वैतागलीय. तिचं म्हणणं: “मुली सगळ्या एका साच्यातल्या. एक लाडिक, एक दांडगट, एक आगाऊ, एक गूढ बाळबोध. आणि हा पोरगा त्यांच्याकडे बघतो कसा! मला नाही बाई सहन होत.”

हे नोंदवून ठेवतोय कारण ते खरं आहे. २००२ च्या जपानी हौशी बाजारातल्या वाचकाला जे साचे पाठ होते ते इथे जसेच्या तसे आहेत, आणि मिओनच्या खेळांच्या क्लबमध्ये हरणाऱ्याला ज्या शिक्षा देतात त्यांचे काही विनोद आज वाचवत नाहीत. पुढे लेखक हे साचे फोडतो, असं ज्यांनी सगळं वाचलंय ते सांगतात. पण सुरुवातीबद्दल बोलायचं तर सुरुवातीत जे आहे त्यावरच बोलायला हवं. ‘पुढे कळेल’ ही सबब आम्हीसुद्धा आमच्या चाचणीवाल्यांना देत होतो. ती कुणीही ऐकून घेत नाही.

मात्र तिने स्वतःच एक गोष्ट हेरली, माझ्या लक्षात आली नव्हती ती: केइचीला घरी फारसं कोणी बोलायला नाही. वडील चित्रकार, आपल्या कामात. त्यामुळे या पोरींचा घोळका हाच त्याचा गाव. तोच घोळका एक शब्द लपवतो म्हटल्यावर जायचं कुठे?

२१ जून, शनिवार

पत्त्यांच्या प्रसंगाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

मिओनचा एक क्लब आहे. काम एकच, शाळा सुटली की खेळ खेळायचे, आणि हरणाऱ्याला शिक्षा. केइचीला त्यात घेतात. पहिला खेळ पत्त्यांचा. एक पान जोडीविना उरतं आणि शेवटी ज्याच्या हातात ते, तो हरला. आपल्याकडे गाढव लादण्याचे जे खेळ आहेत त्याच्या जवळपासचा. केइची हरत जातो. मग त्याच्या ध्यानात येतं की पत्त्यांचा जोड जुना, वापरून झिजलेला आहे. कुणाचा कोपरा दुमडलेला, कुणावर ओरखडा. क्लबातल्या सगळ्यांना ते ओरखडे तोंडपाठ आहेत. त्याच्या हातात काय आहे ते सगळ्यांना पाठीमागून दिसतंय, आणि त्याला कुणाचंच दिसत नाही.

वर वर पाहता हा विनोदी प्रसंग. तो रडीचा डाव म्हणून ओरडतो, त्या हसतात, जिंकण्यासाठी वाट्टेल ते करायचं हाच क्लबचा नियम म्हणून सांगतात, शेवटी त्याच्या तोंडावर मार्करने रेघोट्या. पण गोष्टीची अख्खी रचना या एका खेळात आहे. गावातल्या प्रत्येकाला प्रत्येक पानाची मागची बाजू ठाऊक आहे आणि हा नवखा समोरची बाजू बघत बसलाय. लेखकाने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही. हसून पुढे जायला लावलंय. कचऱ्याच्या ढिगाचा प्रसंग आणि हा पत्त्यांचा, दोन्ही एकच गोष्ट सांगतात: एकात ती टोचते, एकात गुदगुल्या करते.

आणि केइची खेळावर चिडत नाही, हे महत्त्वाचं. तो ओरखडे पाठ करायला लागतो. त्याला त्यांच्यातला व्हायचंय.

हे वाचून झाल्यावर आमची पहिली फाइल उघडली. आमचा नायक, नवा बदली होऊन आलेला वाहतूक नियंत्रक. साल १९९६, तालुक्याचं स्टँड, पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, चौकशीची खिडकी. अगदी सुरुवातीला आम्ही काय ठेवलंय? रात्री डेपोत उभ्या गाडीत सापडलेलं प्रेत. वाचणाऱ्याला पकडून ठेवायला म्हणून. त्यानंतर अर्धा तास स्टँडवरची बोलाचाली, आणि तीच लोकांना कंटाळवाणी वाटते. वाटणारच. प्रेत दाखवल्यावर वाचणारा प्रेताची वाट बघतो, कॅन्टीनवाल्या मावशींच्या गप्पा त्याला अडथळा वाटतात. ‘हिगुराशी’तला सुरुवातीचा काळा तुकडा म्हणूनच एवढा आखूड आणि धूसर आहे. तो काहीतरी आहे एवढंच सांगतो, कशाची वाट बघायची ते सांगत नाही.

प्रेताचा प्रसंग काढतोय. चित्रकाराने पहिला प्रसंग उडव म्हटलं होतं, तो प्रेतानंतरचा, बोलाचालीचा. उडतोय त्याच्या आधीचा.

२२ जून, रविवार

पाऊस, बाहेर पडायला वाव नाही, म्हणून जागेबद्दल थोडं.

हिनामिझावा काल्पनिक आहे, पण त्याचा साचा गिफू प्रांतातलं शिराकावा-गो. उतरत्या, जाड गवती छपरांची उंच घरं. १९९५ पासून शेजारच्या गोकायामासह जागतिक वारसा यादीत. दृश्यांमागचे बरेच फोटो तिथलेच. गोष्टीत या गावावर धरणाचं संकट येऊन गेलेलं आहे. अख्खं खोरं बुडणार होतं, गावकऱ्यांनी चिवट लढा दिला आणि प्रकल्प रद्द झाला. ते खून प्रकरण त्याच काळातलं.

धरण हवेतून आलेलं नाही. शिराकावाच्या वरच्या अंगाला त्याच शो नदीवर मिबोरो धरण आहे. दगडमातीचं, १३१ मीटर उंच, १९६१ मध्ये पूर्ण झालेलं. त्याच्या पाण्याखाली वस्त्या गेल्या. तिथल्या देवळांच्या आवारातली शतकानुशतकं जुनी चेरीची दोन झाडं १९६० मध्ये मुळांसकट उचलून वरच्या काठावर लावली, ती जगली आणि आजही फुलतात. खऱ्या खोऱ्यात धरण झालं, गोष्टीतल्या खोऱ्यात झालं नाही. लेखकाने लढा जिंकलेल्यांचं गाव निवडलं, आणि जिंकणाऱ्यांच्या हाताला काय लागलं असेल हा संशय गोष्टीत सोडला.

आपल्याला हे परकं वाटू नये. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, आणि तरी झालेलं धरण. पुढे कोयना. बुडालेल्या गावांची माणसं दुसऱ्या जिल्ह्यांत नेऊन वसवलेली. मराठी वाचकाला धरणाच्या गावातल्या एकजुटीचं आणि त्या एकजुटीतल्या धाकाचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. म्हणूनच कदाचित मला मिओन आणि रेना एकाच सुरात उत्तर देतात तेव्हा ते ‘जपानी गूढ’ वाटलं नाही. गावात बाहेरच्याने जुन्या भांडणाबद्दल विचारलं की असंच उत्तर येतं.

आमच्या गोष्टीत धरण आणायचं नाही. आणलं तर नक्कल होईल. स्टँडचं स्टँडच राहू दे.

२५ जून, बुधवार

‘हिगुराशी’तल्या टिप्स. गोष्टीतला एक दिवस संपला की मेनूत दोन-चार छोटे तुकडे उघडतात: कधी शाळेबद्दल किरकोळ माहिती, कधी बातमीचं कात्रण, कधी कुणाचं तरी संभाषण. केइचीला जे माहीत नाही ते वाचणाऱ्याला इथे कळतं. मुख्य मजकूर केइचीच्या तोंडून, त्यामुळे तो जेवढा भाबडा तेवढेच आपण. टिप्समध्ये मात्र आपण त्याच्या पुढे जातो, आणि पुढच्या सकाळी तो पुन्हा हसत शाळेला निघालेला बघताना पोटात कसंतरी होतं.

ही सोय वाचणाऱ्याला तपासाला बसवते. पर्याय नसलेल्या गेममध्ये वाचणाऱ्याने करायचं काय, या प्रश्नाला हे उत्तर आहे: अंदाज. भागांमधल्या काही महिन्यांच्या खंडात जपानी वाचक गुन्हेगार कोण यावर डोकं लढवत बसायचे, आणि ‘बरोबर उत्तर देणारे १ टक्का’ अशी गेमची जाहिरातच होती. गेमपणा वाचणाऱ्याच्या डोक्यात चालतो, पडद्यावर नाही.

आमच्याकडे टिप्सचं रूप तयारच पडलंय आणि आम्ही ते नुसतं सजावटीला वापरत होतो. स्टँडवर कागद कमी आहेत का? तक्रारवही. चौकशीच्या खिडकीतली लॉगशीट. हरवले-सापडलेची नोंद. रोज रात्री ड्यूटी संपली की एक कागद उघडेल, शेरा आधीच्या नियंत्रकाच्या हस्ताक्षरात. रेनपायमध्ये फार अवघड नाही: दिवस संपला की पर्सिस्टंट व्हेरिएबल, म्हणजे गेम बंद केला तरी टिकणारी खूण, चालू करायचा आणि एका वेगळ्या स्क्रीनवर यादी दाखवायची. तक्रारवहीची भाषा मात्र मीच लिहिणार. ‘सदर गाडी नियोजित वेळेत न लागल्याने प्रवाशांची गैरसोय झाली’ या सुरात भीती पेरणं मजेचं काम आहे.

२८ जून, शनिवार

बैठक. तिघंही हजर, भजी संपेपर्यंत कुणी कामाचं बोललं नाही.

ठरलं ते. पहिला प्रसंग: नियंत्रक सकाळी हजर होतो, स्टँडवरचा रंगवलेला वेळापत्रकाचा फलक बघतो. त्यावर रात्री ९.४० ची एक मुक्कामी गाडी आहे. तो त्या गाडीची घोषणा करतो. कुणी उठत नाही. कॅन्टीनवाल्या मावशी, पेपरवाला, हमाल, सगळे हसतात. मावशी चहा पुढे करत म्हणतात, “अहो साहेब, ती गाडी फलकावरच असते.” तोही हसतो. एवढाच प्रसंग, गंमतीचा. मावशी पुढच्या प्रसंगांत भरपूर बोलतील: लेकीचं लग्न, गॅसची टाकी, डेपो मॅनेजरची बायको. चौथ्या दिवशी तो सहज विचारेल की गाडी बंद झाली तर फलकावरून पुसली का नाही. मावशी म्हणतील, “काय की.” आणि कप उचलून आत जातील.

मित्राचं मत, तिथे किड्यांसारखा एखादा आवाज हवा. कंडक्टरच्या पंचची टिकटिक सुचली. दिवसभर स्टँडवर ती असतेच, कुणाचं लक्ष जात नाही. ‘काय की’नंतर ती टिकटिक ऐकू येईल, फलाटावर गाडी नसताना. चित्रकाराला हे फार वाटतंय. तिचं म्हणणं, उत्तर तोकडं आहे तेवढं पुरे, वरून टिकटिक म्हणजे कोपराने ढोसणं. तोमिताकेच्या प्रसंगात संगीताचा धक्का नव्हता, हे माझंच वाक्य तिने माझ्यावर उलटवलं. दोन्ही करून बघायचं ठरलंय, चाचणीवाल्यांपैकी अर्ध्यांना टिकटिकीसह, अर्ध्यांना विना.

चौथा दिवस हाही वादाचा. मला तिसरा हवा. मावशींच्या बडबडीची सवय तीन दिवसांत लागेल असं मला वाटतं, मित्राला पाच लागतील असं वाटतं, म्हणून चार.

मांडणी: बोलाचालीला पेटी, रात्रीच्या कागदांना पूर्ण पान, तिरो फॉन्टात. फलकाचं चित्र चित्रकार रंगाऱ्याच्या ब्रशच्या वळणात काढणार, त्यासाठी जुन्या स्टँडांचे फोटो जमवतेय. ९.४० च्या ओळीचा रंग बाकीच्या ओळींपेक्षा थोडा ताजा ठेवायला सांगितलाय. एवढा थोडा, की पहिल्या वाचनात कुणाला दिसणार नाही.